बटर संपलंय आणि ऑलिव्ह ऑइल आहे, मग केक कसा करायचा

मैदा चाळून झालाय, अंडी बाहेर काढलीयेत, ओव्हन तापत ठेवलाय आणि फ्रीज उघडला तर बटरच्या जागी नुसता कागद, असं एकदा तरी प्रत्येकाचं झालेलं असतं. किंवा डॉक्टरांनी सॅच्युरेटेड फॅट कमी करा म्हणून सांगितलेलं असतं, किंवा ज्याचा वाढदिवस आहे त्यालाच दूध चालत नाही. कारण काहीही असू दे, आपण फोनवर शोधतो, "बटरच्या पाऊणपट तेल घ्या" एवढं एक वाक्य सापडतं आणि आपण कामाला लागतो. मी पण तशीच लागले होते. पहिल्यांदा ब्राउनी केली आणि ती इतकी मस्त झाली की कॉन्फिडन्स एकदम वर गेला, मग पुढच्याच आठवड्यात त्याच हिशोबाने चॉकलेट चिप कुकीज केल्या आणि ओव्हनमधून ट्रे काढला तर कुकीज नव्हत्याच, ट्रेभर पसरलेला एक तेलकट नकाशा होता. आम्ही तो चमच्याने खरवडून खाल्ला.

गंमत म्हणजे प्रमाण दोन्ही वेळा तेच होतं, पाऊणपट. ब्राउनीत बटर वितळवूनच घालतात त्यामुळे तिथे तेल आलं काय आणि बटर आलं काय, फारसं बिघडत नाही. कुकीत मात्र बटर घट्ट असतं आणि त्या घट्टपणावरच तिचा आकार उभा असतो. हे मला तेव्हा माहीतच नव्हतं.

त्यामुळे कप-चमचे काढायच्या आधी रेसिपी उघडा आणि बटरच्या पुढे कोणता शब्द लिहिलाय ते बघा. "वितळवलेलं" लिहिलंय, "मऊ झालेलं, साखरेबरोबर फेटून" लिहिलंय, की "थंडगार, तुकडे करून" लिहिलंय? पहिलं असेल तर बिनधास्त बदला, दुसरं असेल तर बदलता येतं पण पद्धत बदलावी लागते, आणि तिसरं असेल तर शक्यतो नादाला लागू नका.

वितळवलेल्या बटरवाल्यांचं पटकन सांगते. ब्राउनी, मफिन, बनाना ब्रेड, गाजराचा केक, सफरचंदाचा केक, पॅनकेक, हे सगळे तेलावर छान होतात. यातल्या बऱ्याच गोष्टींत फळाचा किंवा दह्याचा ओलावा आधीच असतो. कोरडं एका भांड्यात, ओलं दुसऱ्या भांड्यात, दोन्ही एकत्र करून मोजकंच ढवळायचं आणि टिनमध्ये ओतायचं, संपलं. साध्या ब्रेडच्या पिठातही दोन-तीन चमचे बटर असेल तर त्या जागी तेल चालतं, फोकाचासारखे ब्रेड तर मुळात ऑलिव्ह ऑइलचेच. फक्त ब्रिओशच्या वाटेला जाऊ नका, त्यात मैद्याच्या निम्म्या वजनाइतकं सुद्धा बटर असतं आणि तेवढं तेल मळून काढणं म्हणजे साबण लावलेला फुगा पकडण्यासारखं आहे.

आता प्रमाण. १ कप बटर म्हणजे साधारण २२७ ग्रॅम, त्याला पाऊण कप तेल. पाऊण कप बटरला अर्धा कप आणि वर १ टेबलस्पून. अर्धा कप बटरला पाव कप आणि वर २ टेबलस्पून. पाव कपला ३ टेबलस्पून, १ टेबलस्पूनला सव्वादोन टीस्पून. वजनकाटा वापरत असाल (वापराच, बेकिंगमध्ये अर्धी भांडणं कपामुळे होतात) तर १०० ग्रॅम बटरला ७५ ते ८० ग्रॅम तेल. आणि ग्रॅम म्हणजे मिली नव्हे हे लक्षात ठेवा, तेल पाण्यापेक्षा हलकं असतं, १०० मिली ऑलिव्ह ऑइलचं वजन ९१-९२ ग्रॅमच भरतं, म्हणजे ८० ग्रॅम तेल हवं असेल तर साधारण ८७ मिली ओतावं लागतं.

पाऊणपटच का, तर बटर म्हणजे सगळं फॅट नसतं. त्यात फॅट ८० ते ८२ टक्के, पाणी १६ ते १८ टक्के आणि उरलेले दुधातले घन पदार्थ. तेल मात्र १०० टक्के फॅट. आता कोणी हिशोबी माणूस म्हणेल की मग नियम ८० टक्क्यांचा हवा, पाऊणचा कसा? बरोबर आहे, कपाने मोजलं तर फॅट थोडं कमीच पडतं, पण ते चालतं, कारण तेल थंड झाल्यावरही पातळच राहतं त्यामुळे तेवढंच फॅट तोंडात जास्त तेलकट लागतं. मी स्वतः मफिनला ७५ च्या बाजूला राहते आणि जाडजूड केकला ८० च्या.

जे पाणी बटरबरोबर गेलं ते परत द्यायचं की नाही हे रेसिपीवर आहे. केळं, दही, गाजर असं काही असेल तर गरज नाही. पण साधा मैदा-साखर-अंडी असा केक असेल तर १०० ग्रॅम बटरमागे १ टेबलस्पून दूध किंवा पाणी वाढवा, नाहीतर कडा कोरड्या पडतात. आणि मीठ! हे सगळे विसरतात. रेसिपीत सॉल्टेड बटर असेल तर त्यातलं मीठ पण बटरबरोबरच गेलं ना, अर्ध्या कपामागे पाव टीस्पून तरी मीठ वेगळं घाला, नाहीतर केक गोड असूनही सपाट लागतो आणि नक्की काय कमी आहे ते कळत नाही.

आता मधला प्रकार, बटर आणि साखर फेटायचा, कारण सगळ्यात जास्त केक इथेच बसके होतात. आपल्याला वाटतं की फेटणं म्हणजे नुसतं मिसळणं. तसं नाहीये. बटर १८-२० डिग्रीला असतं तेव्हा ते दगडासारखं घट्टही नसतं आणि पातळही नसतं, त्या अवस्थेत फेटताना साखरेचे दाणे त्यात घुसतात आणि प्रत्येक दाण्यामागे हवेचा एक बारीक बुडबुडा अडकतो. पुढे ओव्हनमध्ये बेकिंग पावडरचा गॅस आणि पाण्याची वाफ याच बुडबुड्यांत शिरून त्यांना फुगवतात. बेकिंग पावडर नवीन बुडबुडे तयार करत नाही, आधी असलेले मोठे करते. तेलात साखर कितीही वेळ फेटली तरी हवा धरली जात नाही, ओली वाळू ढवळल्यासारखं वाटतं, आणि मग लोक म्हणतात ऑलिव्ह ऑइलचा केक बसका होतो. होणारच, हवा घातलीच नाही तर फुगणार काय?

तर हवेचं काम अंड्यांकडे द्यायचं. अंडी आधी तासभर बाहेर काढून ठेवा, थंड अंडी नीट फुलत नाहीत. अंडी आणि साखर एकत्र करून बीटरने ४-५ मिनिटं फेटा, रंग फिकट पिवळा होऊन मिश्रण तिप्पट दिसायला हवं आणि बीटर वर उचलला की खाली पडणारी धार दोन-तीन सेकंद तशीच वर दिसली पाहिजे, लगेच मिसळून गेली तर अजून एक मिनिट द्या. हाताच्या व्हिस्कने पण होतं, पण दहा मिनिटं धरून चाला आणि मध्ये हात बदला. मग बीटरचा स्पीड कमी करून तेल बारीक धारेने सोडायचं, मेयोनीज करताना सोडतात तसं. भसकन ओतलं तर तेल खाली जाऊन बसतं आणि केक कापल्यावर तळाशी एक रबरासारखा थर निघतो. हळू सोडलं की अंड्याच्या बलकातलं लेसिथिन तेलाचे बारीक थेंब धरून ठेवतं आणि मिश्रण दाट, चकचकीत दिसायला लागतं. शेवटी मैदा दोन-तीन वेळा थोडा थोडा करून स्पॅच्युलाने वरखाली करत मिसळा, इथे बीटर बंद, कमावलेली हवा घालवायची नाही. अंडं चालत नसेल तर दही आणि तेल आधी एकजीव होईपर्यंत फेटा आणि फुगायचं काम बेकिंग सोड्यावर सोडा, केक थोडा घट्ट होईल पण होईल.

एक पूर्ण उदाहरण घेऊ म्हणजे कळेल. साधा पाउंड केक घ्या, ज्यात सगळं सारख्या वजनाचं असतं: २०० ग्रॅम बटर, २०० ग्रॅम साखर, २०० ग्रॅम मैदा, ४ अंडी. याचं ऑलिव्ह ऑइलचं रूप असं: साखर तेवढीच, मैदा तेवढाच, अंडी तेवढीच, बटरच्या जागी १६० ग्रॅम (साधारण १७५ मिली) तेल आणि २ टेबलस्पून दूध, २ टीस्पून बेकिंग पावडर आणि अर्धा टीस्पून मीठ. मूळ पाउंड केकमध्ये बेकिंग पावडर नसते, फेटलेल्या हवेवरच तो फुगतो, पण इथे थोडी मदत लागते. दोन लिंबांची पिवळी साल किसून साखरेत घाला आणि बोटांनी चोळा, साखर ओलसर आणि सुगंधी होईपर्यंत, सालीतलं तेल साखरेत उतरतं आणि वास अख्ख्या केकभर जातो. सालीचा पांढरा भाग नको, कडू असतो. मग वर सांगितलं तसं अंडी-साखर फेटा, तेल सोडा, दूध घाला, मैदा, बेकिंग पावडर आणि मीठ एकत्र चाळून वरखाली करत मिसळा. २० सेंटिमीटरच्या खोलगट गोल टिनला आतून तेल लावून तळाला बेकिंग पेपर घाला, १७५ डिग्रीला ४० ते ४५ मिनिटं. पस्तिसाव्या मिनिटाला पहिल्यांदा बघा, त्याआधी दार उघडू नका.

बघताना रंगावर जाऊ नका बरं का. बटरमधले दुधाचे घन पदार्थ भाजल्यामुळे जो सोनेरी रंग आणि खमंग वास येतो तो इथे कमी असतो, तेलाचा केक वरून जरा फिकाच दिसतो आणि आपण रंग यायची वाट बघत बसलो की आतून कोरडा होतो. काडी घालून बघा, एक-दोन ओलसर कण चिकटले तर बास, ओलं पीठ चिकटलं तर अजून पाच मिनिटं. रंग हवाच असेल तर मैद्यात १ टेबलस्पून दूध पावडर घाला, गेलेले घन पदार्थ थोडे परत येतात. अर्थात दूध चालत नाही म्हणून बटर काढलं असेल तर ही युक्ती उपयोगाची नाही, तिथे फिका केक गोड मानून घ्यायचा, आणि रेसिपीतलं दूध पण बदलून पाणी किंवा संत्र्याचा रस घ्यायला विसरू नका.

कोणतं तेल, हा पुढचा प्रश्न, आणि माझा दुसरा अपघात इथलाच आहे. पाहुणे येणार म्हणून व्हॅनिला केकमध्ये मी मुद्दाम चांगल्यातलं, हिरवंगार एक्स्ट्रा व्हर्जिन घातलं आणि पहिला घास घेऊन एकाने विचारलं की यात काही औषध पडलंय का. तेल खराब नव्हतं, उलट चांगलंच होतं. लवकर तोडलेल्या ऑलिव्हचं ताजं तेल कडसर आणि तिखट असतं, घशाला ठसका लागतो, तो ओलिओकॅन्थल नावाच्या घटकामुळे. सॅलडवर तो ठसका भारी लागतो, व्हॅनिलात अजिबात नाही.

म्हणून माझी सोपी टेस्ट: तेल चमचाभर तोंडात घेऊन बघा. घसा धरला तर ते तेल चॉकलेट, संत्रं, रोजमेरी, अक्रोड, बदाम अशा दमदार गोष्टींबरोबर वापरा, डार्क चॉकलेट आणि कडसर ऑलिव्ह ऑइल ही जोडी तर मला बटरपेक्षा जास्त आवडते. मऊ, लोण्यासारखं, फळासारखं लागलं तर कशातही चालेल. बाटलीवर ऑलिव्हची जात लिहिलेली असेल तर अर्बेकिना हे सौम्य असतं, पिक्वाल आणि कोरातिना ही जोरकस. आणि चव अजिबातच नको असेल तर "लाइट" लिहिलेलं रिफाइन्ड तेल घ्या, फक्त ते लाइट म्हणजे कमी कॅलरीचं नव्हे, रंग आणि चव हलकी एवढाच त्याचा अर्थ, कॅलरी टेबलस्पूनला १२० च्या आसपास सगळ्याच तेलांना. पोमेस म्हणजे चोथ्यातून काढून रिफाइन केलेलं तेल, चालतं, पण चवीसाठी घेत असाल तर त्यात चव शोधू नका.

एक्स्ट्रा व्हर्जिन ओव्हनमध्ये जळतं, असं कोणीतरी सांगतंच. त्याचा स्मोक पॉइंट, म्हणजे तेल धुरायला लागतं ते तापमान, साधारण १९० ते २१० डिग्रीचा. ओव्हन १८० ला असला तरी केकच्या आत पाणी असतं तोवर तापमान १०० च्या वर जातच नाही, त्यामुळे धूर-बिर काही होत नाही.

तब्येतीसाठी बदलणाऱ्यांसाठी आकडे सांगते: बटरमध्ये सॅच्युरेटेड फॅट वजनाच्या निम्मं, ऑलिव्ह ऑइलमध्ये साधारण १४ टक्के, म्हणजे फरक खरंच मोठा आहे. कॅलरीत मात्र फार फरक पडत नाही, टेबलस्पूनला टेबलस्पून बघितलं तर तेलच थोडं जास्त, फक्त आपण घालतो पाऊणपट. साखर आहे तेवढीच आहे हे मी सांगायला नको.

आता कुकीज. बटर ३२ ते ३५ डिग्रीला वितळतं, म्हणजे ओव्हनमध्ये गेल्यावर ते वितळायला थोडा वेळ घेतं आणि तोवर कुकीच्या कडा धरायला लागतात. तेल पहिल्यापासूनच पातळ, थांबायचा प्रश्नच नाही. तरी करायच्याच असतील तर अर्धं बटर ठेवा आणि अर्ध्या भागाचंच तेल करा, एक बलक जास्तीचा घाला, आणि पीठ कमीत कमी दोन तास फ्रीजमध्ये ठेवा, ऑलिव्ह ऑइल थंडीत घट्टसर होतं त्याचा इथे फायदा होतो. गोळे लहान करा, लांब लांब ठेवा. ओट्सच्या कुकीज पूर्ण तेलावरही बऱ्या होतात कारण ओट्स तेल धरून ठेवतात, बिस्कॉटीसारखा कडक प्रकार तर फारच छान. शॉर्टब्रेडचं मात्र बटर काढू नका, त्यात बटर सोडून चवीला दुसरं आहेच काय.

थंडगार बटरवाला तिसरा प्रकार म्हणजे पफ पेस्ट्री, क्रोसाँ, पापुद्र्याचा पाय. तिथे पिठाच्या थरांमध्ये घट्ट बटरचे थर असतात, ते वितळतात, त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि पापुद्रे सुटे होतात. तेल सरळ पिठात मुरतं, थर राहतच नाहीत. पायचा खालचा बेस भुसभुशीत चालणार असेल तर तेलाचा करता येतो: दीड कप मैदा, चिमूटभर मीठ, अर्धा कप तेल आणि ३ टेबलस्पून थंड दूध काट्याने मिसळा, लाटत बसू नका, सरळ टिनमध्ये बोटांनी दाबून बसवा. बटरक्रीम आयसिंगचंही तेच, तेलाचं होत नाही, प्रयत्न करून साखरेचं सूप करू नका. त्यापेक्षा पिठीसाखर आणि लिंबाचा रस कालवून वरून ओता, किंवा १०० ग्रॅम डार्क चॉकलेट वितळवून त्यात १ टेबलस्पून ऑलिव्ह ऑइल घाला, मस्त चकचकीत थर येतो आणि कापताना तडकत नाही.

टिकण्याच्या बाबतीत तेलाचा केक उजवा. बटरचा केक फ्रीजमध्ये ठेवला की बटर घट्ट होतं आणि केक विटेसारखा, मग तो बाहेर काढून वाट बघा. तेलाचा थंडही मऊ राहतो, आणि मला तर तो दुसऱ्या दिवशीच जास्त आवडतो, पहिल्या दिवशी तेलाची चव वेगळी जाणवते, रात्रभरात ती लिंबाबरोबर मुरते. नीट झाकून बाहेर तीन-चार दिवस आरामात जातो, वर क्रीम किंवा ताजी फळं नसतील तर. म्हणून पार्टी असेल तर आदल्या दिवशी करून ठेवा. आणि करायच्या आधी बाटलीचा वास घ्या, विशेषतः ती गॅसशेजारी, उजेडात उघडी पडलेली असेल तर. उघडल्यावर दोन-एक महिन्यांत संपवलेलं बरं, जुन्या अक्रोडासारखा किंवा मेणाच्या खडूसारखा वास आला तर ते तेल खवट झालंय, केकमध्ये घालून लपत नाही, भाजल्यावर उलट वर येतो.